वाचकांचे प्रश्न : हेलिकॉप्टर आपल्या गावी उतरेल का?

अपघातानंतरच्या प्रथमोपचारांविषयी या सदरात लिहिल्यापासून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. आजारी किंवा जखमी माणसाला हवाई मार्गाने इस्पितळात नेण्याची सोय आपल्या खेड्यापाड्यांना कधी मिळणार, मिळाली तर तिचा खरा उपयोग किती, आणि ती मिळेपर्यंत आपण काय करायचे, असे वाचकांनी विचारले आहे. भूलतज्ज्ञ म्हणून मी आयुष्याचा मोठा काळ अतिदक्षता विभागात घालवला आहे आणि गंभीर रुग्णांसोबत रस्त्याने व काही वेळा विमानानेही प्रवास केला आहे. त्या अनुभवाच्या आधारे, निवडक सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावरचे (वस्तीवरचे) एक गृहस्थ कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीवरून पडले. कंबरेखालच्या भागाला संवेदना राहिली नव्हती. त्यांना वाळपईला आणि तेथून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पोहोचवेपर्यंत तीन तास गेले. उत्तराखंडात ऋषिकेशच्या एम्स इस्पितळाने रुग्णांसाठी हेलिकॉप्टर ठेवल्याचे वाचनात आले. गोव्यासारख्या लहान राज्याला हे का जमू नये? (सत्तरी तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : गुरुजी, आपल्या पत्रातली तळमळ पोहोचली. आपण म्हणता ती सेवा २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. तिचे नाव ‘संजीवनी’ असून केंद्र सरकार आणि उत्तराखंड सरकार यांच्या खर्चाने ती उभी राहिली. तिच्यामागचे कारण मात्र तेथील भूगोलात आहे. डोंगराच्या एका कड्यावरून समोरचे गाव दिसत असते, पण तेथे जायला नदी उतरून पुन्हा चढावे लागते आणि आडवाटेच्या गावाहून मोठ्या इस्पितळापर्यंतच्या प्रवासात दिवस मोडतो. अशा ठिकाणी हेलिकॉप्टर कित्येक तासांचे अंतर मिनिटांवर आणते.

आता आपल्या गोव्याचा हिशेब मांडून पाहू. राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. वाळपईहून बांबोळी रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे रुग्णवाहिकेला साधारण एक तास. समजा हेलिकॉप्टर मोपा किंवा दाबोळी येथील विमानतळावर सज्ज उभे आहे. निरोप मिळाल्यावर हवामान पाहून, यंत्र सुरू करून उड्डाण करायला दहा-पंधरा मिनिटे, सत्तरीपर्यंत यायला आणखी तेवढीच, मैदानात उतरून रुग्णाला बांधून आत घ्यायला वीस मिनिटे, मग बांबोळीपर्यंतचे उड्डाण आणि तेथे उतरवून अपघात विभागात नेणे. सगळी बेरीज तासाच्या आसपासच जाते. शिवाय हेलिकॉप्टर काही कुळागरात उतरत नाही. रुग्णाला मोकळ्या मैदानापर्यंत रस्त्यानेच आणावे लागते. ज्या पावसाळ्याबद्दल आपण लिहिले आहे, त्याच दिवसांत सह्याद्रीच्या पायथ्याशी ढग इतके खाली उतरतात की समोरची टेकडी दिसेनाशी होते, आणि डोळ्यांनी जमीन पाहत उडणाऱ्या हेलिकॉप्टरला अशा वेळी उड्डाण करता येत नाही. रात्री तर दिवे नसलेल्या गावच्या मैदानात उतरण्याचा प्रश्नच नसतो.

मला आपल्या पत्रातील तीन तासांनी अधिक अस्वस्थ केले. रस्त्यावर त्यातला जेमतेम एक-सव्वा तास गेला असणार. उरलेला वेळ कोठे गेला, हे आपल्या वाड्यावरच्या मंडळींनी एकत्र बसून, कोणालाही दोष न देता, आठवून पाहावे असे मी सुचवीन. अशा प्रसंगी बहुधा असे घडते : पडल्याचे उशिरा कळते, कळल्यावर आधी घरच्यांना, मग गाडीवाल्या शेजाऱ्याला फोन जातो आणि १०८ ची आठवण सर्वांत शेवटी होते, कुळागराच्या पायऱ्या चढून रुग्णाला वर आणायला माणसे मिळत नाहीत, आणि पहिल्या केंद्रात पोहोचल्यावर पुढच्या इस्पितळाला कळवणे राहून जाते. हेलिकॉप्टर आले तरी यांतील एकही मिनिट वाचत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका ग्रामीण आरोग्य केंद्रात होतो. एका दुपारी माडावरून पडलेल्या पाडेल्याला (नारळ काढणाऱ्याला) चार जणांनी हातापायांना धरून आणले. त्याची मान मागे लोंबत होती आणि प्रत्येक पावलागणिक हलत होती. आणणाऱ्यांनी त्याच्यासाठी जिवाचे रान केले होते. ते अनवाणी धावत आले होते. पडल्यावर तो हात हलवत होता, असे त्यांनीच मला सांगितले. मी तपासले तेव्हा त्याचे हात हलत नव्हते. मानेच्या मोडलेल्या मणक्याने मज्जारज्जूला इजा केव्हा केली, पडताना की वाटेत, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही, आणि तो विचार आजही पाठ सोडत नाही.

म्हणून उंचावरून पडलेल्या माणसाला पाहताक्षणी उचलू नये. तो श्वास घेत असेल आणि जागा धोक्याची नसेल, तर एकाने त्याच्या डोक्याशी गुडघ्यावर बसून दोन्ही तळहातांनी डोके जसे आहे तसे स्थिर धरावे आणि रुग्णवाहिकेचे कर्मचारी येईपर्यंत सोडू नये. दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन लावावा आणि ‘उंचावरून पडला आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे, म्हणजे कर्मचारी मानेचा पट्टा आणि सपाट फळी घेऊनच वाहनातून उतरतील. हलवणे अगदी भागच असेल, तर चार-पाच जणांनी डोके, खांदे, कंबर आणि पाय एका रेषेत ठेवून, एकाच्या शब्दावर, एकाच वेळी त्याला कुशीवर वळवावे आणि खाली दरवाजाची फळी सरकवावी. मोटारीच्या मागच्या आसनावर घडी करून तर कधीही घालू नये.

मी हेलिकॉप्टरच्या विरोधात आहे, असे मात्र कृपा करून समजू नका. अनमोड किंवा चोर्ला घाटात दरड कोसळून रस्ता तुटला, पुराने गाव वेढले, एखाद्या बस अपघातात एकाच वेळी अनेक जण गंभीर जखमी झाले, किंवा गोव्यात न होणाऱ्या उपचारासाठी रुग्णाला बाहेर न्यायचे असले, तर त्याला पर्याय नाही, आणि अशा दिवसासाठी ते कोठून व कोणाच्या हुकमाने मागवायचे हे आधीच ठरलेले असले पाहिजे. माझे म्हणणे क्रमापुरते आहे. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोणच्या आतल्या भागांत रुग्णवाहिका आणखी जवळ उभी राहावी, तालुक्याच्या केंद्रात रात्रीही श्वासनलिकेत नळी घालू शकणारा डॉक्टर असावा, उतरण्याच्या जागा आखल्या जाव्यात, आणि त्यानंतर हेलिकॉप्टर यावे. केवळ घाईपोटी उडवलेले हेलिकॉप्टर कोणाच्याही हिताचे नसते. १७ मे २०२५ रोजी संजीवनीचेच हेलिकॉप्टर एका रुग्णाला आणण्यासाठी केदारनाथला उतरत असताना त्याच्या शेपटीचा भाग मोडला. वैमानिक आणि वैद्यकीय कर्मचारी सुदैवाने सुखरूप राहिले.

प्रश्न : आमच्या गावी मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते. १०८ चा क्रमांक आम्हाला पाठ आहे, पण लावायचा कोठून? आम्हाला हेलिकॉप्टर दाखवण्याआधी कोणी फोन देईल का? (नेत्रावळी भागातील एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, हवाई वैद्यकीय सेवेचा जगातला पहिला मोठा प्रयोग नेमका आपल्याच प्रश्नापासून सुरू झाला, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

१९१७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॉल्स क्रीक या आडगावी जिमी डार्सी नावाचा एक गुराखी घोड्यावरून पडून जबर जखमी झाला. गावात डॉक्टर नव्हता. होते ते तारघर आणि टकेट नावाचे पोस्टमास्तर. त्यांनी तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या पर्थ शहरातील डॉक्टर हॉलंड यांच्याशी तारेने संपर्क साधला आणि डॉक्टरांनी तारेच्या कडकट्टातून पाठवलेल्या सूचना वाचत, चाकूने, भूल न देता शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया साधली. डॉक्टर स्वतः गुरे वाहणाऱ्या बोटीने, मोटारीने, घोडागाडीने आणि शेवटी पायी असा प्रवास करत अनेक दिवसांनी तेथे पोहोचले, तेव्हा डार्सीला जाऊन एक दिवस झाला होता.

ही हकीकत ऑस्ट्रेलियाभर गाजली. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकांनी त्यानंतर दहा वर्षे या एकाच कामाचा ध्यास घेतला. विमानाची कल्पना त्यांना क्लिफर्ड पील या तरुण वैमानिकाच्या पत्रातून मिळाली. पील स्वतः पहिल्या महायुद्धात मारला गेला. १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधील क्लोन्करी येथून डॉक्टरला घेऊन पहिले विमान उडाले आणि पहिल्या वर्षात ५० उड्डाणांतून २२५ रुग्णांवर उपचार झाले. आज ती सेवा ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ म्हणून ओळखली जाते.

पण विमान आले तरी त्याला बोलवायचे कसे, हा प्रश्न तेव्हाही उरलाच होता. दूरच्या गोठ्यांवर ना वीज होती ना तारायंत्र. १९२९ मध्ये आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने सायकलसारखे पायडल मारून चालणारा बिनतारी संच तयार केला. घरातली बाई खुर्चीत बसून पायांनी वीज निर्माण करीत असे आणि हातांनी संदेश पाठवीत असे. पुढे १९४२ पासून घरोघरी औषधांची एकाच पद्धतीची पेटी देण्यात आली, जिच्यात प्रत्येक औषधाला क्रमांक होता. डॉक्टर शेकडो किलोमीटरवरून विचारत, ‘कोठे दुखते?’ आणि उत्तर ऐकून सांगत, ‘अमुक क्रमांकाच्या दोन गोळ्या द्या.’ अनेकदा विमान उडवायची गरजच पडत नसे. माझ्या मते त्या सेवेचा खरा कणा विमानाइतकाच तो संच आणि ती पेटी हा आहे, आणि आपले पत्र वाचताना मला प्रथम तीच पेटी आठवली.

तेव्हा आपण फोनची मागणी आधी करता, ती अगदी योग्य आहे आणि ग्रामसभेच्या ठरावात ती ‘वैद्यकीय निकड’ म्हणून नोंदवून घ्या. मनोरा उभा राहीपर्यंत काही गोष्टी गावाच्या हातच्या आहेत. रेंज नेमकी कोठे मिळते ती जागा सर्वांना, विशेषतः मुलांना आणि नव्याने नांदायला आलेल्या सुनांना, दाखवून ठेवावी आणि तेथे चुन्याने खूण करावी. रात्री-अपरात्री दुचाकी काढून तेथपर्यंत जाणारे दोघे तरुण आधीच ठरवावेत, कारण संकटाच्या वेळी ‘कोण जातो’ यावरच पंधरा मिनिटे जातात. निरोप कागदावर लिहून द्यावा : रुग्णाचे वय, काय झाले, केव्हा झाले, शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे, वाहन कोठपर्यंत येऊ शकते. धापा टाकत टेकडीवर पोहोचलेल्या मुलाला यातील निम्मे आठवत नाही.

आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेच्या सल्ल्याने गावात एक पेटीही ठेवता येईल. तिच्यात बँडेज, हाड मोडल्यास बांधायच्या पट्ट्या, जलसंजीवनीची पाकिटे, टॉर्च आणि छातीत कळ आल्यास डॉक्टरांच्या सांगण्यावरून चावून खायची ॲस्पिरिनची गोळी असावी. छातीतल्या कळीच्या बाबतीत एक सांगतो. अशा रुग्णाला थेट बांबोळीला पळवण्याआधी ज्या जवळच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढण्याची सोय आहे तेथे न्यावे, कारण गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी असलेल्या ‘स्टेमी’ योजनेखाली ग्रामीण केंद्रातला ईसीजी दूरच्या तज्ज्ञांना पाठवून, रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच देता येते. हृदयाचा स्नायू मरत असताना हे इंजेक्शन रुग्णाच्या जवळ असणे कोणत्याही वेगवान वाहनापेक्षा मोलाचे ठरते.

सर्पदंशावरचे इंजेक्शन मात्र या पेटीत ठेवायचा आग्रह धरू नका. त्याची प्राणघातक ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावे लागते. दंश झालेला हात किंवा पाय पट्टीने स्थिर ठेवावा, घट्ट दोरी बांधू नये, जखम कापू नये आणि रुग्णाला चालू न देता, उचलून, जवळच्या केंद्रात न्यावे.

प्रश्न : सातव्या महिन्यात कळा सुरू झालेल्या स्त्रीला काणकोणहून हलवायचे की बाळ झाल्यावर बाळाला हलवायचे? बाळासाठी विमान मागवता येते का? (काणकोण येथील वाचक)

उत्तर : शक्य असेल तर बाळ पोटात असतानाच आईला हलवावे. आईच्या गर्भाशयापेक्षा चांगली उबदार पेटी अद्याप तयार झालेली नाही. निर्णय प्रसूतितज्ज्ञांनी तपासून घ्यायचा असतो, कारण प्रसूती वाटेतच होण्याजोगी असेल तर निघू नये. वेळ असेल तर निघण्यापूर्वी बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. ते दिले का, हे विचारा. बाळ जन्मलेच तर ते कोरडे करून, टोपी घालून, आईच्या छातीला त्वचेशी त्वचा लावून ठेवावे. एवढ्या लहान जिवाला वाटेतली थंडी फार लवकर घात करते. काणकोण ते मडगाव किंवा बांबोळी या अंतरासाठी विमानाचा विचार करण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझे वडील एका खासगी इस्पितळात व्हेंटिलेटरवर आहेत. मुंबईला हलवायचे ठरते आहे. एका मध्यस्थाने एअर ॲम्ब्युलन्ससाठी काही लाखांची रक्कम तासाभरात भरायला सांगितली आहे. हे खरे की खोटे कसे ओळखावे? वडिलांना उंचीवर त्रास होईल का? (फोंडा येथील वाचक)

उत्तर : आपला प्रश्न तातडीचा असल्याने त्याचे उत्तर मी आपणास आधीच खासगीरीत्या कळवले आहे. इतरांना उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

सर्वांत आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकच विचारा : जो उपचार येथे होऊ शकत नाही आणि तेथे होईल, तो नेमका कोणता? उत्तरात एखाद्या शस्त्रक्रियेचे किंवा यंत्राचे नाव आले, तर प्रवासाला अर्थ आहे. नुसते ‘मोठे इस्पितळ आहे’ असे उत्तर आले, तर वडिलांना धोक्यात घालण्यापूर्वी थांबून विचार करा आणि गोमेकॉतील तज्ज्ञांचे मत घ्या. ज्या इस्पितळात न्यायचे तेथील डॉक्टरांचे नाव आणि अतिदक्षता विभागातील खाट लेखी निश्चित झाल्याखेरीज निघू नका. मुंबईच्या दारात उभे राहून खाट शोधणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

उंचीविषयी. विमानाच्या बंद केबिनमधला हवेचा दाब जमिनीइतका नसतो. तो सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका कमी असतो. महाबळेश्वरला नेलेले वेफर्सचे पाकीट टम्म फुगते, ते आपण पाहिले असेल. केबिनमध्ये शरीरातील कोंडलेली हवाही अशीच, सुमारे एक तृतीयांशाने, फुगते. बरगडी मोडून फुप्फुसाभोवती थोडी हवा साठली असेल, तर जमिनीवर निरुपद्रवी वाटणारी ती हवा वर गेल्यावर फुप्फुस दाबून टाकू शकते, म्हणून निघण्यापूर्वी छातीत नळी घालावी लागते. कवटीत हवा असेल, नुकतेच पोटाचे किंवा डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल, तर तसे उड्डाण करणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. श्वासनलिकेतल्या नळीचा फुगादेखील वर गेल्यावर ताणला जातो आणि त्याचा दाब पुन्हा मोजावा लागतो. रक्तातला प्राणवायूही उतरतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, आजारी फुप्फुसांना जाणवते. गरज पडल्यास वैमानिकाला विमान खालच्या थरातून न्यायला सांगता येते. त्यात इंधन आणि वेळ अधिक लागतो.

उड्डाण तासा-सव्वा तासाचे असले तरी खाटेपासून खाटेपर्यंतचा प्रवास पाच-सहा तासांचा होतो. फोंड्याहून विमानतळ, तेथील तपासणी, मुंबईतली वाहतूक हे सगळे त्यात येते. प्राणवायू त्या हिशेबाने घ्यायचा असतो. मिनिटाला १० लिटर लागत असतील तर पाच तासांना ३,००० लिटर, आणि विलंब धरून त्याच्या दुप्पट. बी प्रकारच्या एका सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटरच असतात. सोबत येणाऱ्या डॉक्टरांना हा हिशेब विचारा. त्यांनी तो तोंडपाठ सांगितला, तर माणूस जाणकार आहे असे खुशाल समजा.

आता पैशांविषयी. रुग्ण नेणारे विमान हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने परवाना दिलेल्या कंपनीचेच असावे लागते. मध्यस्थाकडे त्या कंपनीचे नाव, परवान्याची प्रत आणि विमानाचा नोंदणी क्रमांक मागा, आणि कंपनीच्या कार्यालयात स्वतः फोन करून खात्री करा. सोबत येणारा डॉक्टर कोण, त्याची पात्रता काय, दोन्ही टोकांची रुग्णवाहिका दरात धरली आहे का, हवामानामुळे थांबावे लागल्यास जादा शुल्क किती, आणि उड्डाण रद्द झाल्यास रक्कम परत कधी, हे सारे कागदावर घ्या. पैसे कंपनीच्या खात्यात भरा, कोणाच्या वैयक्तिक खात्यात नव्हे. खरी कंपनी रुग्णाचा वैद्यकीय अहवाल मागितल्याशिवाय दर सांगत नाही. तासाभरात पैसे मागणारा आणि अहवाल न मागणारा माणूस दिसला, की तेथेच व्यवहार थांबवावा. आपल्या आरोग्यविम्यात हवाई रुग्णवाहिकेची तरतूद असू शकते. पॉलिसीची प्रत काढून पाहा आणि उड्डाणापूर्वी विमा कंपनीला कळवा. प्रकृती स्थिर असलेल्या आणि व्हेंटिलेटर नसलेल्या रुग्णाला काही प्रवासी विमानांतही आसनांवर स्ट्रेचर बसवून नेता येते. त्यासाठी ‘मेडिफ’ नावाचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो आणि खर्च पुष्कळ कमी येतो.

प्रश्न : ट्रॉलरवर खोल समुद्रात असताना कोणाला झटका आला किंवा दोरात अडकून हात तुटला तर काय करावे? (बेतूल येथील एक मच्छीमार)

उत्तर : तटरक्षक दलाचा शोध व बचाव क्रमांक १५५४ हा आहे, पण खोल समुद्रात मोबाइल चालत नाही, म्हणून बोटीवरच्या व्हीएचएफ या बिनतारी संचाच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर बोलावे. आपला अक्षांश-रेखांश प्रथम सांगावा आणि दोनदा सांगावा. तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरे दाबोळीहून उडतात आणि बोटींवरील रुग्णांना उचलून आणण्याचे काम ती करीत आली आहेत. येथे हवाई मदत खरोखर रस्त्यापेक्षा श्रेष्ठ आहे, कारण रस्ताच नाही. हेलिकॉप्टर येणार असे कळले की जाळी, ताडपत्र्या आणि सुटे डबे बांधून टाका, आणि वरून येणारा दोर डेकला किंवा पाण्याला टेकेपर्यंत हाताने धरू नका. त्यात साठलेली स्थिर वीज जोराचा झटका देते. रक्तस्राव होत असेल तर स्वच्छ कापडाने दाब देऊन ठेवा आणि कापड भिजले तरी ते न काढता वर दुसरे ठेवा. तुटलेला अवयव ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ मांसाला थेट लागू देऊ नका.

प्रश्न : मी आमच्या पंचायतीचा पंच आहे. पूर किंवा दरड यांच्या वेळी हेलिकॉप्टर आलेच तर उतरण्यासाठी आम्ही कोणती जागा राखून ठेवावी? (धारबांदोडा तालुका)

उत्तर : पंचसाहेब, आपले पत्र सर्वांत शेवटी घेतले, पण वाचून सर्वाधिक समाधान वाटले ते याच पत्राने. आपण विचारलेली तयारी खर्चाची नाही आणि ती पुढच्या पावसाळ्याआधी होण्यासारखी आहे.

दिवसा उतरण्यासाठी साधारण ३० मीटर लांब आणि तेवढीच रुंद, घट्ट व जवळजवळ सपाट जागा लागते. शाळेचे किंवा फुटबॉलचे मैदान बहुधा पुरते. पण मैदानापेक्षा त्याच्या कडा अधिक काळजीने पाहा. विजेच्या तारा वैमानिकाला वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून तारा कोणत्या बाजूने जातात हे नकाशावर लिहून ठेवा आणि उतरताना सांगायला माणूस नेमा. माड किंवा इतर उंच झाडे ज्या बाजूला नाहीत ती बाजू येण्याजाण्यासाठी मोकळी असली पाहिजे. आपल्याकडे जत्रेचा किंवा नाटकाचा मंडप उतरवल्यावर पत्रे, ताडपत्री आणि प्लास्टिकच्या खुर्च्या मैदानाच्या कोपऱ्यात रचून ठेवतात. पंख्यांच्या वाऱ्याने त्यातला एक पत्रा उडाला तरी यंत्राचा आणि माणसांचाही घात होतो, तेव्हा तो ढीग तेथून कायमचा हलवा. उन्हाळ्यात लाल मातीचा लोट उठून वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते. टँकरने पाणी मारण्याची सोय ठेवा.

जागा ठरली की तिचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर काढून मामलेदार कार्यालयात, अग्निशामक दलाकडे आणि आरोग्य केंद्रात लेखी द्या, पंचायतीच्या फलकावर रंगवा, आणि मैदानापर्यंत रुग्णवाहिका चिखलात न रुतता पोहोचते का, हे ऐन जुलैमध्ये एकदा प्रत्यक्ष गाडी नेऊन पाहा. माझ्या अनुभवात मैदान उत्तम असूनही फाटक कुलूपबंद असल्यामुळे वेळ गेल्याचा प्रसंग आहे. किल्ली कोणाकडे, हे दोघांना तरी ठाऊक असावे.

हेलिकॉप्टर उतरताना गर्दीला ६० मीटर मागे धरा. पाहायला सारा गाव लोटतो आणि मुले पुढे धावतात, म्हणून हे काम गावात ज्यांचा शब्द चालतो अशा दोन-तीन वडीलधाऱ्यांवर सोपवा. टोप्या, छत्र्या, पदर आवरायला सांगा. वैमानिकाने खूण केल्याशिवाय कोणीही जवळ जायचे नाही, आणि खूण झाल्यावरही केवळ समोरून, त्याच्या नजरेच्या टप्प्यातून, वाकून जायचे. शेपटीच्या बाजूला जायचे नाही, कारण तेथील लहान पंखा फिरताना डोळ्यांना दिसतच नाही. जमीन उतरती असेल तर चढाच्या बाजूने जाऊ नये. तिकडे मोठा पंखा माणसाच्या डोक्याच्या पातळीवर येतो. रुग्णाच्या अंगावरची चादर स्ट्रेचरच्या पट्ट्यांखाली खोचलेली असावी. सलाईनची बाटली उंच धरून कोणीही चालू नये. ती रुग्णाच्या बाजूला आडवी ठेवावी आणि कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्याच अंगाशी बांधावीत. पंख्यांच्या आवाजात डॉक्टरांना काहीही ऐकू येत नाही, स्टेथोस्कोपही तेथे चालत नाही. म्हणून रुग्णाला कोणते औषध किती वाजता दिले, हे त्या पिशवीतल्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असू द्या.